धुरपदाबाईचा तेलाचा हात

पिशवी पुन्हा सुटली. धुरपदाबाईनं आधी पिशवी करणाऱ्या कंपनीचा उद्धार केला, मग परभणीच्या डॉक्टरचा, मग पिशव्या आणून देणाऱ्या आपल्याच पोराचा, आणि तरीही राग उरला म्हणून पत्र्यावर बसलेल्या कावळ्याचा. ज्याच्या पोटावरून पिशवी सुटली तो तिचा नवरा आप्पाराव मात्र बाजेवर भिंतीकडं तोंड करून गप पडला होता. त्याला कुणी काही म्हणालं नव्हतं. त्याची गरजच नव्हती. लाजेनं त्याचा तोच अर्धा झाला होता.

ही पिशवी कसली, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाकाला पदर लावायचा असेल त्यांनी आत्ताच लावून घ्यावा. पेरणीच्या दिवसांत आप्पारावच्या आतड्याला पीळ पडला आणि ते फुटलं. परभणीला नेऊन पोट फाडलं, सडलेला तुकडा काढला आणि उरलेल्या आतड्याचं तोंड डाव्या अंगानं पोटाच्या बाहेर काढून ठेवलं. आता परसाकडचं जे काही व्हायचं ते तिथून. त्या तोंडावर पिशवी बसवायची. तिच्या मागं एक गोल चिकट चकती असते, ती कातडीला घट्ट धरली की सगळं आतल्या आत. वरून सदरा घालून माणूस चारचौघांत बसला तरी कुणाला पत्ता लागत नाही. डॉक्टर म्हणाले होते, काही महिन्यांनी आतडं परत आत बसवून देऊ, पण दोन गोष्टी पाहिजेत. अंगात ताकद पाहिजे आणि पिशवीच्या भोवतीची कातडी धड पाहिजे.

इथं तर दोन्हीची बोंब. चकती सकाळी लावली की दुपारी सुटायची. घाण झिरपून कातडी लालभडक झाली, मग सोलली, मग तिला पाणी सुटलं. आणि आप्पारावनं आपल्या डोक्यानं त्याच्यावर इलाज काढला. खाल्लं की येतंय, आलं की सुटतंय, म्हणून त्यानं खाणंच सोडलं. आधी भाकरी चतकोरावर आली, मग चतकोराची पेज झाली, आणि आता नुसता चहा. एकेकाळी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी, बाजेवर टाकलेल्या गोधडीसारखा दिसायला लागला. असंच चाललं तर दुसरं ऑपरेशन राहील बाजूला, गडीच राहणार नाही, हे लहान लेकरालाही दिसत होतं.

धुरपदाबाईला ते दिसत नव्हतं असं नाही. पण तिला दुःख झालं तरी ते शिवीच्याच वाटेनं बाहेर यायचं. दुसरी वाट तिच्याकडं नव्हतीच.

बाई मूळची सोनपेठकडची. गंगाखेड-सोनपेठ रस्त्यावर, एष्टीला हात केला तरी ड्रायव्हर विचार करून थांबतो असलं हे सासरचं गाव. इथं नवरी होऊन आली, उंबऱ्यावरचं माप पायानं लोटलं, वर बघितलं आणि म्हणाली, "मंडप तर झाला, घर कुठाय?" सासू त्या दिवशी जी गप झाली ती मरेपर्यंत. दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याला जायचे. तो ऊस तोडायचा, ही मोळ्या बांधायची आणि बांधता बांधता मुकादमाच्या सात पिढ्या सोलून काढायची. मुकादम बाकीच्यांवर ओरडायचा, हिच्याकडं यायचा तो तंबाखू मागायच्या निमित्तानं.

गावात कुणाचंच तिला कधी बरं वाटलं नाही. कुणाचं लेकरू गोरं झालं तर "रोगट दिसतंय", काळं झालं तर "बापावर गेलंय, कोणत्या ते इचारू नका". कुणी नवं घर बांधलं तर "कोंडवाडा चांगला झाला, ढोरं कवा आणता?" या गावात माणूस म्हणावं अशी एक म्हैस होती, ती पण विकली, असं ती उघड म्हणायची. नवऱ्याला तर नावं ठेवणं हा तिचा रोजचा हरिपाठ. आप्पाराव तापानं फणफणला तर ती काढ्याचा पेला समोर आपटायची. "प्या, न्हाईतर मरा, मला कामं हायेत." आणि तो पिऊन होईपर्यंत दारातून हलायची नाही. पण हे कुणाच्या ध्यानात राहतं? आपटलेला पेला तेवढा राहतो.

तर दवाखान्यातून सोडायच्या दिवशी राजेश्री नावाच्या सिस्टरनं दोघा नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं होतं. नुसत्या पाण्यानं धुवायचं, टिपून ठणठणीत कोरडं करायचं, मगच चकती लावायची. कातडी सोलली असेल तर डबीतली पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. "आणि आजी, तेल नाही, तूप नाही, हळद नाही, घरातलं काही म्हणजे काही लावायचं नाही."

धुरपदाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "तुला लेकरं किती हायेत, बाई?"

"माझं लग्न नाही झालं अजून."

"तेच म्हणलं," धुरपदाबाई म्हणाली आणि उठली. त्या पोरीची किंमत तिथंच संपली. सिस्टरनं मग सगळं कागदावर लिहून पोराच्या हातात दिलं.

एष्टीत बसल्यापासून तिचा पट्टा सुरू झाला. "अंग सोललेल्या माणसाला कोरडं ठिवा म्हणती! चामडं कमवायचंय का याचं? उपजलेल्या लेकराला तेल, बाळंतिणीला तेल, नवरीला तेल. मुक्या बैलाचा खांदा दुखला तर पोळ्याच्या आदल्या दिशी हळद-तुपानं मळतेत त्याला. अन् माझा नवरा बैलापरीस खाली गेला का?" शेजारची बाई मान हलवत होती. या मुलखात तेलाच्या विरुद्ध बोलायची कुणाची छाती आहे? दुखलं की तेल, सोललं की तेल, जीव लावायचा म्हटलं की तेल. ते आईच्या दुधाबरोबरच पोटात गेलेलं असतं, एका सिस्टरच्या सांगण्यानं निघतंय होय!

घरी आल्यापासून तिची रीत ठरून गेली. पिशवी काढायची, कोमट पाण्यानं धुवायचं आणि मग पळीत करडईचं तेल गरम करून, चिमूटभर हळद टाकून, दोन बोटांनी त्या सोललेल्या कातडीवर गोल गोल, गोल गोल, हळू हातानं मुरवायचं. नंतर फडक्यानं वरवर पुसायचं आणि त्याच्यावर चकती. ती चकती धरणार कशाला? लोण्याच्या गोळ्याला चिंधी चिकटते का? पण धुरपदाबाईच्या लेखी तेल म्हणजे औषधात धरायची गोष्टच नव्हती. ते लावणं म्हणजे काही लावणं नव्हतंच.

मग चूक कुणाची? सुनेची! दुसरी कुणाची असणार? सून प्रियंका बिचारी सासऱ्याच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नव्हती. सासऱ्याचं उघडं पोट सुनेनं बघायचं नाही, ही या घरची रीत. ती उंबऱ्याबाहेर डोक्यावर पदर घेऊन बसायची, कात्रीनं चकतीला मापाचं भोक पाडायची आणि हात लांब करून आत द्यायची. तेवढं पुरलं. "पिरंके, भोकच वाकडं कापतीस तू! तुझ्या माहेरी काय सरळ व्हतं म्हणा!" नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ते हेच.

पोरगा रामहरी याच्याबद्दल तर काय बोलावं? तीन एकर कापूस एकट्यानं फवारणारा गडी, पण बापाचं आतडं बघितलं की याचे डोळे पांढरे व्हायचे. पहिल्याच दिवशी भिंत धरून खाली बसला. त्यानंतर पिशवी बदलायची वेळ झाली की त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा, आणि मोबाईल कानाला लावून तो पार वेशीपर्यंत जायचा. धुरपदाबाई मागून ओरडायची, "जा, जा! माझं दूध न्हाई, ताक पिऊन वाढलाय तू!"

आणि भेटायला येणारे! आजारी माणसाला भेटायला जावं ही चांगलीच रीत आहे, पण आमच्या लोकांच्या हातात गेली की तिचाही उरूस होतो. येताना बिस्किटाचा पुडा घेऊन येणार आणि जाताना त्यातलीच अर्धी बिस्किटं चहात बुडवून खाऊन जाणार. वर सल्ला. योगीराज म्हणून गावात एक सर्वज्ञ आहे. तारुण्यात गंगाखेडच्या एका औषधाच्या दुकानात झाडायला होता, त्या जोरावर गावाच्या नाडीला हात घालतो. तो खुर्ची उलटी करून बसला आणि म्हणाला, "मावशी, एकदम सोपं काम हाय. पंक्चरच्या दुकानातलं सुलोचन आणा. चकतीला लावा अन् द्या दाबून. ट्यूबला कसं बसतंय? ट्यूब तेवढी आधी पुसून कोरडी करावी लागती बगा."

खरं उत्तर तिथंच त्याच्या तोंडातून पडलं होतं. पण सांगणाऱ्याला कळलं नाही आणि ऐकणारीनं ऐकलं नाही. धुरपदाबाई म्हणाली, "सुलोचन तुझ्या डोक्याला लाव मुडद्या, तिथूनच हवा गळायलीय सगळी." योगीराज चहा पिऊनच गेला.

पण वाटोळं केलं ते सगुणाबाईनं. पलीकडच्या आळीतली ही बाई, कुणाकडं मयत असो की बारसं, पहिली पंगत हिची. ती येऊन बाजेच्या अगदी कडेला बसली. "काय बाई दिवस आले दाजीवर! बगू तरी द्या कसं असतंय ते. आमाला बी कळंल." आप्पारावनं सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ती म्हणाली, "लाजायलेत! आता या वयात कसली लाज?" आणि सदऱ्याला हात घातला. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. त्या ओढाताणीत तेलावर बसलेली चकती सरकली आणि पिशवी सुटली, सगुणाबाईच्या इरकली लुगड्याजवळच. बाई किंचाळून उठली, नाकाला पदर लावून बाहेर पडली, आणि तिन्हीसांजेच्या आत सगळ्या गावाला वासासकट माहिती झालं.

धुरपदाबाई तिच्या मागं तिच्या दारापर्यंत शिव्या देत गेली. परत आली तेव्हा आप्पाराव भिंतीकडं वळलेला. तिनं पेज पुढं ठेवली तर म्हणाला, "न्हाई लागत." त्या दिवसापासून पेजही सुटली.

ठरलेल्या दिवशी परभणीला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी सदरा वर केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय करून ठेवलंय? मागच्यापेक्षा वाईट आहे. वजनही उतरलंय. अशा कातडीवर आणि अशा अंगावर मी सुरी लावणार नाही. हे असंच राहिलं ना, तर जन्मभर पिशवीच. आणि खाल्लं नाही तर तो जन्मही फार नाही." मग त्यांनी चष्म्यावरून धुरपदाबाईकडं बघितलं. "घरातलं काही लावता का?"

"काय बी न्हाई," धुरपदाबाई ठसक्यात म्हणाली. बोटं हळदीनं पिवळी, खोलीत करडईचा वास, आणि काय बी न्हाई! डॉक्टरांनी आप्पारावकडं तोंड वळवलं. "काका, तुम्ही सांगा."

आप्पाराव छताच्या पंख्याकडं बघत होता.  "न्हाई, सायब. काय लावीत न्हाई."

डॉक्टर तरी काय करणार? त्यांनी नव्या पिशव्या आणि एक डबी आणखी लिहून दिली. परतीच्या वाटेवर धुरपदाबाईनं त्यांच्या शिक्षणाचे वाभाडे काढले. पण गाव जवळ आलं तसा तिचा आवाज बसत गेला. जन्मभर पिशवी, हे तिला सोसलं असतं. तो जन्मही फार नाही, हे मात्र डोक्यातून जाईना. त्या रात्री तिनं तेल जरा जास्तच मुरवलं.

मग सोनपेठहून निरोप आला. तिचा थोरला भाऊ गेला. जाणं भागच होतं. जाताना तिनं पळी, तेलाची बाटली, हळद, पिशव्या, सगळं खिडकीत मांडून ठेवलं आणि रामहरीला दम भरला. "आता फोन आला तर मोबाईल चुलीत घालीन. तेल कोमट कर, हळू लाव. बाप हाय तो तुझा, बैलगाडीचं चाक न्हवं." रामहरी मान हलवत राहिला. धुरपदाबाईला त्या मानेची किंमत माहीत होती. एष्टीत बसल्यावर तिला खात्री होती की आपण परत येऊ तेव्हा नवरा घाणीत पडलेला असणार आणि घर नाक धरून बसलेलं असणार.

भावाच्या दहाव्यापर्यंत ती तिथं राहिली. रडली थोडं, भावजयीला बोलली जास्त. पण बायका ओव्या गाऊन रडत होत्या तेव्हा तिचं ध्यान आपल्या घराच्या बाजेवर होतं. एकदा फोन केला तर रामहरी म्हणाला, "समदं बरं हाय." तिनं फोन ठेवून दिला. "बरं हाय म्हणतोय, म्हंजे काहीतरी झालंय."

ती परत आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. गाठोडं काखेत मारून ती आळीत वळली आणि जागच्या जागी थांबली. आप्पाराव ओट्यावर बसला होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, शेजारी तो बिनकामाचा योगीराज. आणि आप्पारावच्या पुढं ताट. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून तो खात होता. चांगला भुरके मारून खात होता!

कुणीही बाई असती तर देवापुढं साखर ठेवली असती. धुरपदाबाईच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. "वा रं वा! मी भावाला रडायला गेले अन् हितं पंगती! मी गेल्याचा एवढा आनंद झाला व्हय? आणखी चार दिस तिकडंच मेले असते तर पुरणपोळी केली असती!"

योगीराज हळूच उठला आणि चपला हातात घेऊनच गेला.

ती तणतणत चुलीपाशी गेली. प्रियंका भाकरी थापत होती, ती सासूला बघून उभीच राहिली. "कुणी लावली पिशवी? रामहरीनं?"

प्रियंकानं मान हलवली. "त्यांनी हात लावला अन् त्यांना घेरी आली. मामा तसेच पडले व्हते, आत्याबाई. मग… मीच लावली."

"तू?" धुरपदाबाईचा आवाज पत्र्यापर्यंत गेला. "सासऱ्याचं पोट उघडं बगितलंस? लाज इकून खाल्लीस का? माझं तोंड गावाला दाखवायसारखं ठिवलंस का न्हाई?"

"बगितलं न्हाई, आत्याबाई. म्हंजे… बगितलं, पण नाकापतूर पदर व्हता." पोरीला रडू फुटलं. "मला हात लावायची लय लाज वाटली. म्हणून तांब्यानं नुसतं पाणी सोडलं. फडक्यानं टिपलं, तेबी लांबूनच. मग टेबलफॅन लावला अन् भाईर जाऊन बसले, वाळंस्तोवर. पावडर टाकली, फुकली अन् चिकटवली. सुटली न्हाई. दुसऱ्या दिशी बी सुटली न्हाई, तिसऱ्या दिशी बी. मग मामांनीच भाकरी मागितली."

"अन् तेल?"

"तेल लावायचं म्हंजे बोटं लावायची, आत्याबाई. मला न्हाई जमलं."

धुरपदाबाईनं खिडकीकडं बघितलं. बाई तोंडाळ होती, हेकट होती, पण मूर्ख नव्हती. खिडकीत तेलाची बाटली तिनं ठेवली तशीच होती. हिनं काही शहाणपण केलं नव्हतं. लाजेपायी अंग चोरलं होतं, एवढंच, आणि त्यानं नवरा बसून भाकरी खात होता. आणि आपण रोज दोन्ही वेळेला, आपल्या हातानं, इतक्या मायेनं…  चुलीजवळच्या पाटावर ती मटकन बसली. प्रियंकानं पाणी दिलं ते ती काही न बोलता प्याली. सुनेनं एवढी वर्षं सासूला बघितलं होतं. तिला त्या गप बसण्याचीच भीती वाटली.

योगीराज गेला होता, आळी मोकळी होती. धुरपदाबाई बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला टेकली. आप्पारावनं ताट पुसून खाल्लं होतं.

"ते तेलानं सुटत व्हती," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमाला ठावं व्हतं?"

आप्पारावनं हात धुतला, उपरण्याला पुसला. "ठावं व्हतं. सिस्टर दोघाफुडं बोलली व्हती. मी काय बहिरा हाय का?"

"दवाखान्यात सायबानं तोंडावर इचारलं तवा बी?"

"तवा बी."

"मग तोंड शिवलं व्हतं का तुमचं?" ती ओरडली, आणि तो आवाज तिचा तिलाच चिरका लागला. "कातडं सोललं, अन्न सुटलं, हाडं वर आली, अन् तुमी गप! कामून?"

आप्पारावनं रिकामं ताट बाजूला सारलं.  मग म्हणाला, "आगं, लगीन झाल्यापून तुझी जीभ तेवढी लागली अंगाला. हात कवा लागला? काम झालं, लेकरं झाली, त्यात लागला आसंल, पण आसा बसून, हळू… न्हाई. तेल लावताना तू एक शब्द बोलत नव्हतीस, रामहरीची माय. म्हणलं, लागू दे. सुटायची ती सुटंल."

"अन् उपाशी मेला असता म्हंजे?"

"मग तू तेल लावून न्हाऊ घातलं असतंस," तो म्हणाला आणि स्वतःशीच हसला.

  धुरपदाबाई उठली, आत गेली आणि मोरीत बसून हात घासायला लागली. आधी साबण, मग राख, मग परत साबण. बोटांची पिवळी काही जात नव्हती. डोळ्यातून पाणी येत होतं आणि ती त्या पाण्याला शिव्या देत होती. "मरतुकडं मेलं! एवढा येडा माणूस दिला माझ्या नशिबाला. जल्माचा मुका, अन् बोलला ते हे बोलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी बदलायची होती. प्रियंका पाणी, फडकं आणि टेबलफॅन घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. धुरपदाबाईनं फॅन तिच्या हातातून काढून घेतला. "सर. नवरा माझा हाय. तू जा, भाकरी टाक."

तिनं पिशवी सोडवली, एका हातानं कातडी दाबून, दुसऱ्यानं हळूहळू. पाण्यानं धुतलं, टिपलं. कातडी अजून लाल होती, पण ओली नव्हती. मग फॅन लावला आणि समोर बसून राहिली. हे बसणं तिच्या जिवावर आलं. हात मांडीवर नुसते पडलेले, आणि समोर सोललेलं अंग. सवयीनं एकदा हात खिडकीकडं गेला, तसा तिनं तो माघारी घेतला. "या पंख्याला बी लकवा भरलाय," ती म्हणाली. आप्पाराव छताकडं बघत पडला होता. त्याच्याही तोंडावर काही नव्हतं. आता काय, काम झालं की ही उठणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

पावडर भुरभुरली, झटकली, चकती नीट मापात बसवली, कडेनं दाबली. धुरपदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. तेवढ्यात बाहेरून, भिंतीआडून प्रियंकाचा आवाज आला. "आत्याबाई, झालं न्हाई. वरून तळहात ठिवायचा. अंगाची ऊब लागली की चकती धरती, आसं सिस्टरनं ह्यांना लिवून दिलंय. मला लाज वाटली म्हणून मी गरम फडकं ठिवत व्हते."

धुरपदाबाई परत खाली बसली. तिनं आपला तळहात पदराला पुसला, उलटापालटा करून बघितला आणि आप्पारावच्या पोटावर, चकतीवर ठेवला. हळूच. तो एकदम शहारला आणि मग सैल पडला.

गप बसून हात ठेवायचा म्हणजे बाईची पंचाईत झाली. मग तिनं सुरुवात केली. सगुणाबाईपासून सुरुवात केली, तिच्या लुगड्यापासून तिच्या आजीपर्यंत. मग योगीराज आणि त्याचं सुलोचन. मग भावजय, जी दहाव्याला सुद्धा डोळ्यात काजळ घालून बसली होती. मग रामहरी, ज्याला देवानं बाप्याचं अंग दिलं आणि काळीज द्यायचं विसरला. आवाज नेहमीचाच, पण हात मात्र हलला नाही. घर झोडून झालं, आळी झाली, गाव झालं. तिच्याकडची माणसं संपली. मग ती गप झाली.

चुलीवर भाकरी फुगल्याचा वास आला. प्रियंकानं ताट वाढून हाक मारली.

"धरलं आसंल आता," आप्पाराव म्हणाला.

"गप पडा," धुरपदाबाई म्हणाली, "तुमाला काय कळतंय त्यातलं?"